नखाखालची कळ, मनगटातली गाठ : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

हातापायांच्या मज्जातंतूंना त्रास देणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गाठी कशा ओळखायच्या, यावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली निवडक येथे देत आहोत. नागपुरातील हाताच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टर साहेब, माझं वय ३९. उजव्या हाताच्या अनामिकेत चार वर्षांपासून दुखून राहिलं आहे. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. नळाचं गार पाणी लागलं की नखातून कोपरापर्यंत कळ जाते. पोळ्या लाटताना ते बोट वर धरूनच लाटते. दोनदा एक्स-रे काढला, नॉर्मल आला. व्हिटॅमिनची इंजेक्शनं झाली, मानेचा एमआरआय झाला. आता घरचेही म्हणतात, मनाचं आहे. (गृहिणी, महाल)

उत्तर : ताई, हे मनाचं नाही. तुम्ही लिहिलेली तीन लक्षणे, म्हणजे अधूनमधून उठणारी तीव्र कळ, एकाच ठिकाणी बोट लावू न देणारा दुखरेपणा आणि गारव्याने वाढणारे दुखणे, एकत्र आली की पहिला संशय ग्लोमस ट्यूमरचाच घ्यायचा. ही गाठ बहुधा साधी असते, म्हणजे कॅन्सरची नसते. तीस ते पन्नास वयोगटातल्या बायकांमध्ये ती नखाखाली जास्त आढळते.

बोटांच्या टोकांना त्वचेखाली ग्लोमस नावाच्या सूक्ष्म रचना असतात. तिथे बारीक धमनी आणि शीर थेट जोडलेल्या असतात. त्यांच्याभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे वेटोळे आणि मज्जातंतूंची पुष्कळ टोके असतात. हवामानाप्रमाणे बोटातला रक्तप्रवाह कमी-जास्त करणे हे त्यांचे काम. त्या पेशींची गाठ झाली की गारव्याला मिळणारा प्रतिसाद वेदनेच्या रूपाने येतो. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत, नागपूरचा पारा दहाच्या खाली घसरला की, अशा रुग्णांचे हाल वाढतात. फ्रान्सचे पिएर मासाँ यांनी १९२४ मध्ये या गाठीचे नेमके वर्णन केले. इतकी जुनी माहिती असूनही निदानाला वर्षे लागतात, कारण गाठ बहुतेकदा पाच-सात मिलिमीटरचीच असते आणि बोट नीट दाबून पाहिले जात नाही.

तपासणी अशी व्हायला हवी. आधी नखावरची मेंदी किंवा नेलपॉलिश पूर्ण निघालेली हवी. नखाखालचा निळसर-जांभळा ठिपका किंवा नखावर उभी उठलेली रेघ, या दोन खुणा मेंदीच्या रंगात हमखास झाकल्या जातात. लग्नसराईनंतर दाखवायला जाणार असाल तर नख वाढून रंग उतरू द्या, नाहीतर किमान डॉक्टरांना तसे सांगा. मग चांगल्या उजेडात दोन्ही हातांची नखे शेजारी ठेवून पाहायची. अंधाऱ्या खोलीत बोटाच्या गादीखालून छोटी टॉर्च लावली तर कधीकधी नखातून गाठेची सावली दिसते.

यानंतरची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. टाचणीचे डोके किंवा रिकाम्या बॉलपेनचे टोक घेऊन नखावर एकेक मिलिमीटर सरकत हलके दाबायचे. गाठ असेल तर एका बिंदूवर रुग्ण हात झटकन ओढून घेतो आणि दोन मिलिमीटर बाजूला दाबले तर काहीच होत नाही. या चाचणीला लव्ह चाचणी म्हणतात. अंगठ्याने सगळे नख एकदम दाबले तर हा फरक कळत नाही आणि 'नख दुखते' एवढेच कागदावर येते. चूक नेमकी इथे होते.

पुढची हिल्ड्रेथ चाचणी. हात एक-दोन मिनिटे डोक्याच्या वर धरून रक्त उतरू द्यायचे, दंडावर बीपीचा पट्टा बांधून तो वरच्या रक्तदाबाच्या बराच वर, साधारण २५० मिमीपर्यंत फुगवायचा आणि तोच बिंदू पुन्हा दाबायचा. गाठ रिकामी झाल्यामुळे दुखणे थांबते. पट्टा सोडताच कळ परत येते. ही परत येणारी कळ नोंदवायला विसरू नये, निदानाचा अर्धा भाग तीच आहे. मात्र विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांच्या हाताचा रक्तपुरवठा असा तोडू नये. त्यांच्यासाठी लव्ह चाचणी आणि बर्फाचा खडा लावून कळ उठते का ते पाहणे, एवढे पुरते.

तुमचा एक्स-रे नॉर्मल आला यात नवल नाही. गाठ बराच काळ हाडावर दाबत राहिली तरच बोटाच्या शेवटच्या हाडाला गोल खळगा पडलेला दिसतो, तोही बाजूने काढलेल्या फोटोत. मानेचा एमआरआय तुमच्या बोटाबद्दल काहीच सांगू शकत नाही. पुढची पायरी म्हणजे बोटाची उच्च वारंवारतेची सोनोग्राफी आणि कलर डॉपलर (सोनोग्राफीतच रक्तप्रवाह रंगात दाखवणारी तपासणी), आणि गरज पडल्यास बोटाचा एमआरआय. घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : नखाखाली ग्लोमस गाठ आहे असे एमआरआयमध्ये आले. ऑपरेशनला नख काढावे लागेल का? नंतर परत होते असे ऐकले, ते खरे का? (शिक्षिका, धरमपेठ)

उत्तर : इलाज एकच, गाठ पूर्ण काढणे. गोळ्यांनी ती जात नाही. बोटाच्या मुळाशी भूल देऊन, बोटाला रबरी पट्टा लावून, भिंगाचा चष्मा घालून हे काम होते. गाठ मधोमध असेल तर नख उचलावे लागते, कडेला असेल तर बाजूने जाता येते. नखाखालचा मऊ थर लांबीच्या दिशेने उघडून गाठ तिच्या आवरणासकट काढतात आणि तो थर अगदी बारीक, विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. आडवा छेद दिला किंवा टाके ओबडधोबड पडले तर नख दुभंगून उगवते. पूर्ण नख यायला चार ते सहा महिने लागतात.

एक गोष्ट आवर्जून करा. भूल देण्याआधी दुखरा बिंदू सर्जनला दाखवा आणि त्यांना पेनने खूण करायला सांगा. इंजेक्शन दिल्यावर बोट बधिर होते आणि पट्टा बांधल्यावर गाठ रिकामी होऊन फिकट पडते, मग ती आजूबाजूच्या थरात मिसळून जाते. खूण नसेल तर गाठेचा तुकडा मागे राहण्याचा धोका वाढतो. 'परत होते' असे जे तुम्ही ऐकले, त्याचे नेहमीचे कारण हेच अपुरे काढणे. कधी एकाच बोटात दोन गाठीही असतात. जखमेचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. तीन महिने झाले आणि गारव्याची जुनी कळ तशीच असेल तर पुन्हा एमआरआय करावा.

अनेक बोटांत अशा गाठी होत असतील तर अंगावरचे दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग मोजा. मोठ्या माणसात दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा अधिक डाग असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या आनुवंशिक आजाराची तपासणी करायला हवी. ग्लोमस गाठी आणि तो आजार यांचा संबंध सिद्ध झालेला आहे.

आणि नखाखालची रेघ निळसर नसून तपकिरी-काळी असेल, रुंद होत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे. त्याला उशीर न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी बुटीबोरीला कारखान्यात मशीनवर काम करतो, वय २६. उजव्या मनगटाच्या वर आतल्या बाजूला मऊ फुगवटा आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर पडतात. शिफ्ट संपेपर्यंत फुगवटा वाढतो, सकाळी कमी असतो. नसेच्या टेस्टमध्ये कार्पल टनेल आलं, सोनोग्राफीत 'हिमँजिओमा' लिहिलं. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगून राहिले. एक म्हणतो मनगट मोकळं करू, दुसरा म्हणतो गाठ. खरं काय?

उत्तर : दोघांचेही अर्धे-अर्धे बरोबर असू शकते. पण क्रम महत्त्वाचा आहे.

कार्पल टनेल, म्हणजे मनगटात मीडियन मज्जातंतू दाबला जाणे, हा आजार साधारणपणे चाळिशीनंतर आणि पुष्कळदा दोन्ही हातांत दिसतो. २६ व्या वर्षी, एकाच हातात आणि सोबत फुगवटा असेल तर जागा अडवणारे काहीतरी आहे असे धरूनच चालायचे. हात खाली लोंबता ठेवला की फुगणारी आणि वर केला की ओसरणारी गाठ म्हणजे शिरांच्या जाळ्याची जन्मजात विकृती, हीच शक्यता मोठी. रिपोर्टमध्ये तिला सर्रास हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, असे लिहितात. खरा हिमँजिओमा बहुतेकदा तान्ह्या बाळांचा असतो, तो वाढतो आणि आपोआप ओसरतो. तुमच्या वयातली शिरांची विकृती ओसरत नाही आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत. १९८२ पासून ही विभागणी वैद्यकात आहे. तेव्हा रिपोर्ट देणाऱ्यांना एवढेच विचारा : आत रक्त संथ वाहते आहे की जोरात?

घरी एक मोजमाप करा. कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यापासून गाठेपर्यंतचे अंतर मोजून गाठेच्या मध्यावर पेनने खूण करा. हात पाच मिनिटे उशीवर उंच ठेवून टेलरच्या टेपने खुणेवर घेर मोजा. मग पाच मिनिटे हात लोंबता ठेवून त्याच खुणेवर पुन्हा मोजा. टेप ओढून आवळू नका. दुसऱ्या हातावरही हेच करा. कामाच्या बाजूचा हात थोडा जाड असतोच, त्यामुळे दोन हातांतला फरक पाहायचा नाही, प्रत्येक हातातला वर आणि खाली यांमधला फरक पाहायचा. हा कागद डॉक्टरांकडे न्या.

दवाखान्यात गाठेवर हात ठेवून धडधड किंवा थरथर लागते का, गाठ शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, स्टेथोस्कोपने घरघर ऐकू येते का, हे पाहायचे. यातले काही सापडले तर धमनी आणि शीर थेट जोडलेली जोरप्रवाही विकृती असू शकते, आणि तिचे सगळे गणितच वेगळे. तुमच्या वर्णनावरून ती वाटत नाही.

साध्या एक्स-रेला कमी लेखू नका. संथ रक्त गोठून त्यात चुन्याचे गोल कण बसतात, ते एक्स-रेत छोट्या मण्यांसारखे दिसतात. ते दिसले की शिरांच्या विकृतीचा संशय बळावतो आणि खर्च नाममात्र. सोनोग्राफी करताना प्रोब जोरात दाबला तर संथ रक्ताच्या शिरा चपट्या होऊन गाठच नाहीशी होते आणि डॉपलरमध्ये रंग येत नाही. भरपूर जेल, हलका हात, कमी वेगाची सेटिंग आणि रुग्णाचा हात खाली लोंबता, असे करून पाहावे.

मज्जातंतूची चाचणी कुठे अडथळा आहे ते सांगते, कशाने आहे ते सांगत नाही. तुमच्या बाबतीत गाठ मनगटाच्या वर आहे, म्हणून प्रवाह मनगटातच मंदावतो की त्याच्या वरही, हा आकडा रिपोर्टमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर चाचणी अपुरी आहे. सुई टोचून होणारी स्नायूंची चाचणी लक्षणे सुरू झाल्यावर तीन आठवड्यांच्या आत केली तर खोटी नॉर्मल येऊ शकते. ती करणाऱ्यांना फुगवट्याबद्दल आधी सांगा, म्हणजे सुई तिथे जाणार नाही.

मग एमआरआय, मनगटापुरता नाही तर कोपरापासून तळहातापर्यंत, कॉन्ट्रास्टसह (म्हणजे चित्र ठळक करणारे औषध शिरेतून देऊन). त्यात ठरवायचे आहे ते हे : शिरांचे जाळे मज्जातंतूच्या बाहेरून दाबते आहे, की त्याच्या आवरणाच्या आत, तंतूंच्या जुड्यांमध्ये शिरले आहे? बाहेर असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे काढता येते. आत असेल तर सगळे काढायच्या नादात हाताची ताकद जाऊ शकते. तिथे थोडे मागे ठेवणे, मनगट मोकळे करून दाब कमी करणे आणि लक्ष ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. हे ठाऊक नसताना आधी मनगट मोकळे केले तर वरची गाठ तशीच राहते आणि बधिरपणाही. म्हणून एमआरआय आधी, ऑपरेशनची चर्चा नंतर.

शिरेत औषध टोचून जाळे बंद करण्याचा उपायही आहे. पण मज्जातंतूला चिकटलेल्या गाठीत शुद्ध अल्कोहोल टोचले तर मज्जातंतूलाच इजा होऊ शकते. तिथे फेस करून देण्याची सौम्य औषधे वापरतात आणि तीही सोनोग्राफीत पाहत. कोणत्याही उपायाआधी डी-डायमर आणि फायब्रिनोजेन या रक्तचाचण्या करून घ्या. मोठ्या शिरांच्या विकृतीत रक्त आतल्या आत गोठत राहते, डी-डायमर वाढतो आणि ऑपरेशनमध्ये रक्तस्राव आवरणे अवघड होऊ शकते.

एखाद्या दिवशी फुगवटा अचानक कडक आणि फार दुखरा झाला तर घाबरू नका, आत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता आहे. पण गोळी मनाने घेऊ नका, दाखवा.

प्रश्न : मी काटोल भागात प्रॅक्टिस करतो. कोपराच्या मागे जाड, दुखरा अल्नर मज्जातंतू, करंगळी-अनामिका वाकलेल्या, सोनोग्राफीत मज्जातंतूत गाठ आणि आत वाढलेला रक्तप्रवाह. व्हॅस्क्युलर ट्यूमर म्हणून पुढे पाठवावे का?

उत्तर : डॉक्टर, थांबा. विदर्भात कोपराशी जाड झालेला अल्नर मज्जातंतू दिसला तर पहिले नाव कुष्ठरोगाचे घ्या. सूज आलेल्या मज्जातंतूत डॉपलरचा रंग वाढलेला दिसतो, त्यामुळे रंग म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ असे समीकरण करू नका. कुष्ठरोगात मज्जातंतूत पू होऊन गाठही बनते आणि ती ट्यूमरसारखी भासते.

रुग्णाचा शर्ट काढून पाठ, दंड आणि मांड्या दिवसाच्या उजेडात पाहा. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करून, डोळे मिटायला लावून बोटाने जागा दाखवायला सांगा. दुसऱ्या कोपराचा अल्नर, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा पेरोनियल आणि मानेवरचा ग्रेट ऑरिक्युलर चाचपून पाहा. एकाहून अधिक मज्जातंतू जाड असतील तर ट्यूमरची शक्यता फार कमी होते. बधिरपणा किंवा लुळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडने तो पुष्कळदा परत येतो. बहुविध औषधोपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळतो. इथे ट्यूमरच्या शोधात घालवलेला प्रत्येक आठवडा रुग्णाच्या हाताला महागात पडतो.

चट्टे नाहीत, एकच मज्जातंतू, एकच गोल गाठ असेल तर मात्र तिची हालचाल पाहा. मज्जातंतूची स्वतःची गाठ, म्हणजे श्वानोमा, आडवी हलते पण मज्जातंतूच्या लांबीच्या दिशेने हलत नाही, आणि तिच्यावर टिचकी मारली की करंगळीत झिणझिण्या उतरतात. ती असो की नसो, अल्नरसारख्या मिश्र, म्हणजे स्पर्श आणि हालचाल दोन्ही सांभाळणाऱ्या, मज्जातंतूचा तुकडा तपासणीला काढू नका. हाताची ताकद कायमची जाऊ शकते.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, बिडीची सवय जुनी. गुडघ्यामागे गाठ, पोटरीत मुंग्या. बेकर सिस्ट म्हणून पाणी काढू म्हणाले. काढावे का? (उमरेड)

उत्तर : कलर डॉपलर झाल्याशिवाय त्या गाठीत सुई घालू देऊ नका. या वयात, धूम्रपानाच्या इतिहासासह, गुडघ्यामागची गाठ म्हणजे फुगलेली धमनी असू शकते आणि ती शेजारच्या टिबियल मज्जातंतूला दाबते. गाठेवर दोन्ही हातांची बोटे ठेवा. प्रत्येक ठोक्याला बोटे एकमेकांपासून दूर ढकलली जात असतील तर ती धमनीच. डॉपलरमध्ये ती दोन सेंटिमीटरपेक्षा रुंद निघाली किंवा आत गुठळी दिसली तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनना त्याच आठवड्यात दाखवा, कारण गुठळी खाली सरकून पाय जाण्याचा धोका असतो. दुसरा गुडघा आणि पोटातली महाधमनीही त्याच वेळी पाहून घ्या, तिथेही फुगवटा असणे नित्याचे आहे. पाय अचानक गार, पांढरा पडला तर थेट मोठ्या रुग्णालयात, वाटेत थांबू नका.

प्रश्न : आईला मधुमेह आहे. हाताच्या एमआरआयसाठी कॉन्ट्रास्ट लागेल म्हणतात. किडनीला त्रास होईल का? आणि फॉर्मवर 'हाताचा एमआरआय' एवढेच लिहिले आहे, ते पुरते का? (वर्धा)

उत्तर : नाही, एवढे लिहून पुरत नाही. छोट्या गाठी सुटण्याचे सगळ्यात मोठे कारण हा फॉर्मच आहे. सगळ्या हाताचा एमआरआय तीन-चार मिलिमीटरच्या जाड कापांनी होतो आणि चार मिलिमीटरची गाठ जेमतेम एखाद-दुसऱ्या कापात येऊन सहज नजरेतून सुटते. डॉक्टरांकडून फॉर्मवर असे लिहून घ्या : कोणते बोट किंवा कोणता भाग, दुखरा बिंदू नेमका कुठे, किती दिवसांपासून, गारव्याने वाढते का, लोंबकळताना वाढते का, आणि संशय कशाचा. बोटासाठी छोटी कॉइल (यंत्राचा बोटाजवळ बसवायचा, संकेत टिपणारा भाग) आणि दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप मागा.

टेबलावर झोपण्याआधी दुखऱ्या बिंदूवर, किंवा नखाखालचे दुखणे असेल तर बोटाच्या बाजूला, व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटपट्टीने लावायला सांगा. ती फोटोत पांढरी चमकते आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याची नजर तिथेच जाते. कॅप्सूल दाबून बसवू नका, खालची मऊ गाठ चपटी होते. आईला बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, चकाकीची नेलपॉलिश आणि केसातल्या पिना घरीच काढून न्यायला लावा. घट्ट बसलेली जोडवी तिथे साबणाने काढताना वेळ जातो आणि मशीनवरची पाळी चुकते. पेसमेकर, कानातले यंत्र किंवा मेंदूतली क्लिप असेल तर तारीख घेतानाच सांगा.

हात डोक्यावर लांब करून पालथे झोपवले तर चित्र सर्वांत स्वच्छ येते, कारण हात यंत्राच्या मध्यावर असतो. पण वयस्कर माणसाला तसे अर्धा तास झोपवत नाही, हात हलतो आणि चित्र बिघडते. आईच्या वयाला हात अंगालगत ठेवणेच बरे. त्यात कडेला चरबीचा पांढरेपणा नीट दबत नाही, तेव्हा तंत्रज्ञांना चरबी दाबणारी एसटीआयआर ही दुसरी पद्धत वापरायला सांगता येते.

कॉन्ट्रास्टचे औषध गॅडोलिनियमचे असते, सीटी स्कॅनमधले आयोडिनचे नाही. आधी रक्तातले क्रिएटिनिन करून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा आकडा, काढा. तो तीसच्या वर असेल तर सहसा अडचण येत नाही. तीसच्या खाली असेल किंवा डायलिसिस सुरू असेल तर रेडिओलॉजिस्टशी बोलूनच ठरवा. ग्लोमस गाठ एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात चमकते आणि कॉन्ट्रास्ट घेते, त्यामुळे या शोधात कॉन्ट्रास्ट टाळणे म्हणजे निम्मी माहिती सोडणे.

प्रश्न : दोन महिन्यांच्या बाळाच्या दंडावर लाल उंचवटा आहे, वाढतो आहे. हातातली नस दबेल का?

उत्तर : पहिल्या काही आठवड्यांत दिसलेला आणि वाढणारा लाल उंचवटा बहुधा बाळांचा हिमँजिओमा असतो. मज्जातंतू दबणे विरळाच. पाच महिन्यांपर्यंत त्याची बरीचशी वाढ होऊन जाते, मग तो हळूहळू ओसरतो. फार वाढत असेल, फुटून जखम होत असेल किंवा कोपराच्या घडीत येत असेल तर प्रोप्रॅनोलॉल हे औषध उपयोगी पडते. पण ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीत, दूध पाजल्यानंतरच द्यायचे, कारण बाळाची साखर आणि ठोके उतरू शकतात. बाळ तो हात हलवत नसेल तर वाट पाहू नका.

प्रश्न : नागपुरात हे नेमके कोणाला दाखवायचे? खर्चाचे काय? (कळमना)

उत्तर : बोटाच्या किंवा मनगटाच्या गाठीसाठी अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरी विभाग, त्यातही हाताचे काम करणारे सर्जन. जोरप्रवाही विकृतीसाठी किंवा धमनीच्या फुगवट्यासाठी रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधले एम्स, यांपैकी जिथे जाल तिथे आधी संबंधित विभागाच्या ओपीडीचा वार विचारून घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा आजार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात. भरती होण्याच्या आधी त्यांना भेटा आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. जुन्या तपासण्यांची सीडी न्या, केवळ छापील रिपोर्ट नको. नवे डॉक्टर चित्रे स्वतः पाहतील तर पुष्कळदा नवी तपासणी वाचते.

प्रश्न : गाठ कॅन्सरची तर नाही ना, हे पाहायला सुईने तपासणी करून घेऊ का? पाच महिन्यांत मांडीतली गाठ लिंबाएवढीची मोसंबीएवढी झाली. पायाला मुंग्या येतात. (सावनेर)

उत्तर : सुईच्या आधी एमआरआय. एवढ्या वेगाने वाढणारी, पाच सेंटिमीटरच्या वरची, स्नायूंत खोल असलेली गाठ सारकोमा (स्नायू, चरबी अशा मऊ भागांचा कॅन्सर) नाही असे सिद्ध होईपर्यंत सारकोमाच समजून वागायचे. एमआरआय झाल्यावर सुई कुठून घालायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावे, कारण सुईच्या वाटेत पेशी सांडू शकतात आणि ती वाट ऑपरेशनमध्ये गाठेबरोबर काढावी लागते. चुकीच्या बाजूने गेलेली सुई कधीकधी पाय वाचवण्याची संधी घालवते. बारीक सुईने नुसते रक्त ओढले गेले तर त्यातून निदान होत नाही. जाड सुईने तुकडा घ्यावा लागतो, तोही डॉपलरमध्ये मोठ्या वाहिन्या आणि मज्जातंतू चुकवून. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा, पण मनाने बंद करू नका.

स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर वर्षानुवर्षे सुजलेल्या हातावर जांभळे डाग किंवा गाठी उठल्या तर त्याकडे नुसती सूज म्हणून पाहू नये. तो रक्तवाहिन्यांचा घातक कॅन्सर असू शकतो आणि तिथे लवकर घेतलेला तुकडा जीव वाचवू शकतो.

तुकडा काढल्यावर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये गरजेप्रमाणे पेशींवरच्या खास चाचण्या होतात. ग्लोमसमध्ये एसएमए, रक्तवाहिनीच्या अस्तराच्या गाठीत सीडी-३१ आणि ईआरजी, मज्जातंतूच्या श्वानोमात एस-१०० सकारात्मक येते. रिपोर्टवर शंका असेल तर त्याच तुकड्याचा मेणाचा ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवता येतो, पुन्हा सुई टोचावी लागत नाही. म्हणून रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्या आणि ब्लॉक उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात मेण वितळते.